प्रवास अनुदान मंजूर झाले, परंतु आधी खर्च करायचा कोणी? (परिषदांना जाणाऱ्या संशोधकांसाठी धागा)

कांदळवन (धागाकर्ती)

नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली चार वर्षे भाट्याच्या खाडीतील तिसऱ्या आणि कालवे या शिंपल्यांच्या वाढीवर पीएच.डी.चे काम करते आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खाडीत उतरायचे, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या सोबतीने ठरलेल्या चौकटींतले नमुने गोळा करायचे, पाण्याची क्षारता आणि तापमान मोजायचे आणि घरी येऊन शिंपल्यांची मापे वहीत उतरवायची, हा क्रम भर पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर खंड न पडता चालू आहे. या कामाचा सारांश मी युरोपात सप्टेंबरमध्ये होणाऱ्या एका परिषदेकडे पाठवला होता. तो भित्तिपत्रकासाठी (पोस्टरसाठी) स्वीकारला गेला आणि कमी व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांसाठी असलेले प्रवास अनुदानही मला मंजूर झाले.

पत्र आले त्या दिवशी घरात सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तेच पत्र सावकाश वाचले तेव्हा अट लक्षात आली. ४५० युरो नोंदणी शुल्क मी आत्ता भरायचे, विमानाचे तिकीट मी काढायचे, राहण्याची जागा मी ठरवायची, व्हिसाचे शुल्क मी द्यायचे. आणि परिषद संपल्यावर मूळ बिले, बोर्डिंग पास व हजेरीचे प्रमाणपत्र पाठवले की सहा ते आठ आठवड्यांत रक्कम माझ्या खात्यात जमा होणार. हिशेब केला तर साधारण दीड लाख रुपये हाताशी असायला हवेत. तासिकेचे मानधन महिनोन्महिने थकते आणि मे महिन्यात तर तासिकाच नसतात. वडिलांची हापूसची थोडी कलमे आहेत, परंतु त्या बागेचा पैसा मेअखेर हातात येतो तोच खत-फवारणीची उधारी फेडण्यात जातो. आईने बांगड्या पुढे केल्या आहेत. त्या गहाण टाकून जाण्याची माझी तयारी नाही.

अशा अनुदानावर आपल्यापैकी कोणी गेले असल्यास आगाऊ रक्कम मिळवण्याचा काही मार्ग आहे का, हे कृपया सांगावे. आयोजकांकडे तशी विनंती केली तर मंजूर झालेले अनुदानच हातचे जाईल, अशी भीती मला वाटते.

जुना दर्यावर्दी

ताई, अभिनंदन. विनंती अवश्य करा. मी देवगडचा, समुद्रविज्ञानात नोकरी करून निवृत्त झालो आहे. निवड झालेल्या संशोधकाने पैशांविषयी प्रश्न विचारला म्हणून त्याचे अनुदान काढून घेतले, असे माझ्या पाहण्यात एकदाही आले नाही.

आपल्या विषयात या मदतीची परंपरा जुनी आहे. महासागर संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती, जिला आम्ही स्कोर म्हणतो, ती १९५७ साली स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम तिच्याच पुढाकाराने आखली गेली आणि त्या मोहिमेतूनच पुढे १९६६ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ही समिती विकसनशील देशांतील शास्त्रज्ञांच्या प्रवासासाठी निधी देते. मात्र त्यासाठी सामान्यतः परिषदेच्या आयोजकांनी समितीकडे मागणी करायची असते. हे आपल्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते आणि ते व्यक्तिशः अर्ज कोठे करायचा हे शोधत राहतात. आपले आयोजक कोणाच्या निधीतून ही मदत देत आहेत हे त्यांना विचारा. निधी देणाऱ्याची अट आणि आयोजकांच्या लेखाविभागाची सवय या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि बिले नंतर मागण्याची पद्धत पुष्कळदा या सवयीतून आलेली असते.

माझ्या पहिल्या परदेश परिषदेच्या वेळी तिकीट संस्थेने काढले होते, म्हणून मी जाऊ शकलो. तिथे माझ्या भित्तिपत्रकासमोर एक वयस्क संशोधक पाऊण तास उभे राहिले आणि माझ्या क्षारतेच्या आकड्यांत तापमानाची दुरुस्ती दोनदा लागली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मी दोन वर्षे ते आकडे छातीठोकपणे वापरत होतो. नियतकालिकाच्या परीक्षकाने तो लेख चार ओळींत परत पाठवला असता आणि नेमके काय चुकले हे मला कधीच कळले नसते.

मिरकरवाडा

धागाकर्तीच्या कष्टांबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. दीड लाख रुपयांत खाडीतले वर्षभराचे नमुने, रसायने आणि एक चांगला क्षारतामापक येईल. करोनाच्या काळात सर्व परिषदा संगणकाच्या पडद्यावर झाल्याच की. ज्यांचे काम येथील चिखलात आहे त्यांना चार दिवसांसाठी युरोपात नेण्यापेक्षा तोच पैसा येथे का देऊ नये? विमानप्रवासाने हवेत जाणारा कार्बन हा मुद्दाही आहेच, आणि समुद्राचे तापमान वाढल्याची चिंता करणाऱ्यांनी तरी त्याचा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

आकडेमोड

मिरकरवाडा यांच्या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो. मी चिपळूण परिसरात गणित शिकवतो. गणितात रसायने लागत नाहीत, नौका लागत नाही, कागद आणि फळा पुरतो. तरीही एकटे पडणे हा आमच्या विषयातला सर्वांत मोठा तोटा मानला जातो.

पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजचे शिक्षण संपवून १९५१ साली लाहोरला परतले. तेथे त्यांच्या विषयावर बोलायला कोणी नव्हते, नवी नियतकालिके नव्हती, आणि १९५४ साली त्यांना पुन्हा इंग्लंड गाठावे लागले. देश आणि भौतिकशास्त्र यांतून एकाची निवड करण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, या हेतूने त्यांनी १९६४ साली इटलीतील त्रिएस्त येथे सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. तेथील सहयोगी योजनेत विकसनशील देशातला संशोधक आपल्या देशातील नोकरी न सोडता काही वर्षांच्या मुदतीत पुन्हा पुन्हा काही आठवडे किंवा महिने त्रिएस्तला येऊन काम करू शकतो. प्रवास अनुदानामागचा मूळ विचार इतका साधा आहे की माणसाने आपल्या गावी राहूनही विषयाच्या मुख्य प्रवाहात असावे.

२०१० साली गणितज्ञांची जागतिक परिषद हैदराबादला भरली; ती भारतात प्रथमच होत होती. मी रेल्वेने गेलो, महाविद्यालयाने नोंदणी शुल्क दिले, आणि तीन रात्री एका मित्राकडे काढल्या. ज्यांची नावे केवळ पुस्तकांत वाचली होती त्यांची व्याख्याने समोर बसून ऐकली. २०१४ साली हीच परिषद दक्षिण कोरियात सोल येथे झाली, तेव्हा यजमानांनी विकसनशील देशांतील १००० गणितज्ञांना बोलावण्याचा कार्यक्रम आखला होता. त्याचे नाव नानुम, म्हणजे वाटून घेणे. युद्धानंतर आपला देश गरीब असताना बाहेरच्यांनी आपल्याला हात दिला, त्याची ही परतफेड आहे, अशी त्यांची भूमिका होती. एका वेळी हजार माणसे बोलावली गेल्यामुळे नेहमी त्याच मोठ्या संस्थांतून येणाऱ्या चार नावांपलीकडे निवड पोहोचू शकली.

पडद्यावरच्या परिषदांविषयी माझा अनुभव असा की व्याख्यान ऐकणे साधते, परंतु व्याख्यानानंतर जिन्यात उभे राहून विचारायचा प्रश्न राहून जातो. आपले विद्यार्थी भिडस्त असतात. चारशे लोकांच्या पडद्यावर हात वर करणारा कोकणातला मुलगा मी अजून पाहिलेला नाही. चहाच्या रांगेत तोच मुलगा बोलू लागतो. कार्बनचा मुद्दा खरा आहे. परंतु वर्षातून पाच परिषदांना विमानाने जाणाऱ्यांनी आपल्या दोन फेऱ्या कमी कराव्यात, ही मागणी आधी व्हायला हवी. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारीपासून सुरुवात करणे मला न्याय्य वाटत नाही.

सड्यावरचा

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, परंतु याच धाग्यात बसतो. मी राजापूर आणि लांजा भागातील सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पे शोधण्याच्या आणि त्यांची मोजमापे घेण्याच्या कामात हौशी म्हणून अनेक वर्षे आहे. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाल्यापासून बाहेरचे अभ्यासक पुष्कळ येतात. आम्ही त्यांना कशेळी, बारसू, देवीहसोळ येथे घेऊन जातो, आणि त्यांच्याकडून आम्हालाही शिकायला मिळते.

परंतु शैलचित्रांवरच्या परिषदेत या सड्यांविषयी जे बोलले जाते ते ऐकायला सड्यावर चालणारा माणूस तेथे नसतो, कारण अनुदानाच्या अर्जात पहिलाच रकाना संस्थेच्या नावाचा आणि दुसरा विभागप्रमुखाच्या सहीचा असतो. शिक्षक, शेतकरी, छायाचित्रकार असलेल्या माणसाने तेथे काय लिहावे? मी एकदा अर्ज केला होता. संस्थेचा कागद नसल्यामुळे तो विचारातच घेतला गेला नाही, असे कळवणारे पत्र आले. कामाचा दर्जा कमी वाटला असता तर मी ते मान्य केले असते.

दापोलीचा शिक्षक

सड्यावरचा यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात देशांच्या यादीचा प्रश्न मिळवतो. बहुतेक परिषदा सवलतीसाठी जागतिक बँकेचे उत्पन्नगट वापरतात: कमी, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च. भारत निम्न-मध्यम गटात आहे. काही परिषदा फक्त कमी उत्पन्नाच्या देशांनाच अनुदान देतात, म्हणून तेथे भारतीयाचा अर्ज चालत नाही. जेथे चालतो तेथे मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या संस्थेतील, ज्याच्या प्रकल्पातच परदेश प्रवासाची तरतूद आहे असा संशोधक, आणि ग्रामीण महाविद्यालयात तासिकेवर शिकवणारी धागाकर्ती हे दोघेही केवळ ‘भारतीय’ म्हणून एकाच रांगेत उभे राहतात. पहिल्याचा अर्ज साहजिकच अधिक सफाईदार असतो. ‘यापूर्वी परदेशी परिषदेला गेला होता का’ आणि ‘आपल्या संस्थेकडून काही रक्कम मिळू शकते का’ हे दोन प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांना गुण दिले तरी ही रांग बरीच बदलेल.

आपल्या देशातील योजनांविषयी एक माहिती. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, ज्याला सर्ब म्हणत, ते २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. परदेशात शोधनिबंध सादर करण्यासाठी प्रवासाची मदत देणारी योजना मंडळाकडे होती, म्हणून आता माहिती नव्या नावाखाली शोधावी. जुनी माहितीपत्रके अजून विद्यार्थ्यांच्या गटांत फिरतात आणि त्यांवर विसंबून मुदत चुकते.

तांबडी माती

मी एका छोट्या शास्त्रीय मंडळाच्या अनुदान निवड समितीवर सहा वर्षे होते, म्हणून पलीकडची बाजू मांडते.

बिले नंतर मागण्यामागे वाईट हेतू नसतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही रोख रक्कम आगाऊ दिली. काहींना व्हिसा मिळाला नाही, काही आजारी पडले, आणि दिलेली रक्कम दुसऱ्या देशातून परत मिळवताना आमच्या खजिनदारांना फार त्रास झाला. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला. त्यानंतर मंडळाने परतफेडीची पद्धत स्वीकारली आणि हिशेब स्वच्छ झाला. दोन वर्षांनी यादी पाहिली तेव्हा मला धक्का बसला. मंजूर झालेल्यांपैकी जे आले नाहीत त्यांना मी एकेकाला पत्र लिहिले. व्हिसा नाकारला गेला असे सांगणारे होतेच, परंतु कित्येकांनी संकोचत लिहिले की तिकिटाचे पैसे उभे करता आले नाहीत. आम्ही ज्यांच्यासाठी निधी उभारला होता नेमके तेच घरी राहिले, आणि ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड होते ते येऊन गेले. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते, कारण ती पद्धत मंजूर करणाऱ्यांत मीही होते.

मग आम्ही रोख देणे टाळून खर्च परस्पर करायला लागलो. नोंदणी शुल्क घेऊन परत करण्यापेक्षा ते मुळातच माफ केले. तिकीट आमच्या प्रवास एजंटने प्रवाशाच्या नावाने काढले, तेही व्हिसा हाती आल्यावर; तोपर्यंत व्हिसाच्या अर्जासाठी केवळ आरक्षण दिले. खोलीचे पैसे वसतिगृहाला थेट दिले, आणि जेवणखाण व स्थानिक प्रवासाची रक्कम पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर सही घेऊन पाकिटात दिली. परत मागण्यासारखे काही उरलेच नाही, त्यामुळे लेखापरीक्षकांचाही आक्षेप राहिला नाही. तिकीट उशिरा काढल्याने थोडे महाग पडते हे खरे. आम्ही दोन अनुदाने कमी केली, परंतु निवडलेले जवळजवळ सगळे आले.

कांदळवन, आपण आयोजकांना नेमके हेच लिहा. ‘आगाऊ पैसे द्या’ असे न लिहिता ‘शुल्क माफ करावे, तिकीट आणि खोलीचा खर्च आपण परस्पर करावा’ असे लिहा. मानधनाचे स्वरूप दोन वाक्यांत सांगा. त्यात संकोच नको.

आणखी एक काळजीची गोष्ट. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या) अर्जाला गेल्या काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट जोडावे लागते. नातेवाइकांकडून उसने घेतलेले दीड लाख एकदम खात्यात दिसले तर ते पैसे कोठून आले हा प्रश्न उभा राहू शकतो. त्यापेक्षा कोणता खर्च कोण करणार हे तपशीलवार लिहिलेले आयोजकांचे पत्र अधिक उपयोगी पडते. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो.

जुना दर्यावर्दी

तांबडी माती यांनी फार मोलाचे लिहिले आहे. व्हिसाबाबत एवढेच जोडतो की परिषद कोठे भरवायची हाही अनुदानाइतकाच महत्त्वाचा निर्णय असतो. २०२२ साली माँट्रियल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेला आफ्रिकेतील अनेक प्रतिनिधी व्हिसाअभावी पोहोचू शकले नाहीत, आणि त्या रोगाचा सर्वाधिक भार तर त्यांच्याच देशांवर आहे. यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) क्षेत्रातील एका मोठ्या परिषदेने २०२० साठी इथिओपियातील आदिस अबाबा निवडले होते. महासाथीमुळे ती ऑनलाइन झाली, परंतु २०२३ साली ती परिषद रवांडातील किगालीला प्रत्यक्ष भरली. मासे आणि शिंपल्यांवरची एखादी मोठी परिषद रत्नागिरीत का भरू नये? शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि समोर समुद्र आहे. मात्र आपण यजमान झालो तर श्रीलंका, बांगलादेश, मोझांबिक येथून येणाऱ्यांच्या तिकिटांची आणि आपल्या सरकारच्या परिषद व्हिसाची व्यवस्था आपल्यालाही वेळेवर करावी लागेल.

मिरकरवाडा

तांबडी माती यांचा प्रतिसाद वाचून माझे मत काही प्रमाणात बदलले आहे. खाडीतल्या कामाला पैसा हवा हे मी अजूनही म्हणेन, परंतु प्रवासाचा निधी वेगळ्या खात्यातून येतो आणि तो न वापरल्याने खाडीला मिळणार नाही, हे मला मान्य आहे. धागाकर्तीने परत आल्यावर आमच्या बंदरावर मराठीत एक व्याख्यान द्यावे, ही विनंती. सभागृहाची व्यवस्था मी करतो.

कांदळवन (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण उत्तराची वाट पाहत होते.

तांबडी माती ताईंनी सुचवले तसे पत्र मी त्याच रात्री पाठवले. आठ दिवस उत्तर आले नाही आणि मी फार अस्वस्थ होते. नवव्या दिवशी आयोजकांच्या चिटणीस बाईंचे उत्तर आले. नोंदणी शुल्क माफ झाले आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहातील चार रात्रींचे पैसे ते परस्पर देणार आहेत. तिकिटाबाबत त्यांच्या लेखाविभागाने प्रथम नकार दिला होता, परंतु मी दुसऱ्यांदा लिहून व्हिसा मिळाल्यानंतरच तिकीट काढावे असे सुचवल्यावर तेही मान्य झाले. अनुदान मिळालेल्या इतर सर्वांनाही हाच पर्याय कळवला असल्याचे त्यांनी लिहिले आहे. पश्चिम आफ्रिकेतील एका संशोधिकेने माझ्या आधीच हा प्रश्न विचारला होता, असेही त्यांनी कळवले. त्यामुळे माझी भीती किती निराधार होती हे लक्षात आले.

महाविद्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्राला वेळ लागला, कारण तासिकेवरील शिक्षकाला ते द्यायचे की नाही याविषयी कार्यालयात स्पष्टता नव्हती. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी संशोधन केंद्राच्या वतीने पत्र दिले. ज्यांची नोकरी माझ्यासारखी आहे त्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा.

व्हिसाचे शुल्क, विमा आणि मुंबईची फेरी एवढा खर्च माझ्याकडे राहिला आहे. तो बचतीतून भागतो, बांगड्या घरातच आहेत. बोटांचे ठसे देण्यासाठी मंगळवारी सकाळची वेळ मिळाली आहे, म्हणून सोमवारी रात्री रत्नागिरीहून कोकणकन्या पकडते आहे. आयोजकांनी खर्चाचा प्रत्येक भाग कोण उचलणार हे लिहिलेले दोन पानी पत्र फाईलमध्ये सर्वांत वर लावले आहे.

जुना दर्यावर्दी सर, क्षारतेचे तक्ते आपल्याला व्यक्तिगत संदेशातून पाठवले आहेत. भित्तिपत्रक छापायला टाकण्यापूर्वी तापमानाची दुरुस्ती एकदाच लागली आहे ना, हे कृपया पाहून सांगावे.